पंच्याण्णव रुपयांचं तिकीट

चामोर्शी, जि. गडचिरोली
४ नोव्हेंबर २००९

प्रिय उमेरा,

तुझं पत्र मिळालं. चार पानांत तू माझी तब्येत विचारलीस, शाळा विचारलीस, आपल्या दानिशचं लग्न कुठे जमतंय का ते विचारलंस, अंगणातल्या सीताफळाला यंदा फळ धरलं का हेसुद्धा विचारलंस. अब्बांबद्दल एकच ओळ. 'त्यांच्या हातात माझा फोन देऊ नकोस.' ती ओळ लिहिण्याची काही गरज नव्हती. दर शुक्रवारी नमाज पढून आले की ते फोनजवळच्या स्टुलावर बसतात, आणि घंटा वाजली तरी उचलत नाहीत. मी तुझ्याशी बोलते, सनाची बडबड ऐकते, आणि ते माझ्या तोंडाकडे बघून तिकडे काय चाललंय याचा अंदाज घेत राहतात. अडीच वर्षं झाली. मला या सगळ्याचा राग येतो. तुझा येतो, त्यांचा येतो आणि त्या विमान कंपनीचा तर फारच येतो, कारण कंपनीवर रागावलं की कुणाच्या जिवाला लागत नाही.

फोनवरच बोलून टाकावं म्हणून मी या आठवड्यात दोनदा तुझा नंबर फिरवला. दोन्ही वेळा सनाने उचलला. 'कौन, खाला?' म्हणाली आणि तिच्या या मावशीने फोन ठेवून दिला. म्हणून हे पत्र. घरात आपण जन्मभर हिंदीत भांडलो, पण दोघीही जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलो, त्यामुळे कागद पुढे आला की मराठीच सुचतं. मी तर मराठीचीच बाई झाले. सातवीच्या पोरांना निबंध मुद्द्यावरून सुरू करा म्हणून सांगते, आणि स्वतः सीताफळापासून सुरू करते आहे.

तुझं लग्न झालं तेव्हा रियाजभाईंना अंदमानात नोकरी लागलेली ऐकून अम्मी काय म्हणाली होती, आठवतं? 'उस लड़के ने गुनाह क्या किया?' काळ्या पाण्यावर कुणी आपणहून जातं हे तिला पटेचना. बल्लारशाच्या आरा मशीनवर वाढलेला माणूस, आलापल्लीच्या सागाचा ओंडका नुसता ठोकून आतून भरीव की पोकळ ते सांगणारा. त्याला तिकडच्या लाकूडवाल्यांनी बोलावलं यात नवल काही नव्हतं. पण मग दोन हजार चारच्या डिसेंबरात समुद्र गावात शिरला, आणि सहा दिवस तुमचा फोन लागला नाही. अम्मी सहा दिवस चुलीपुढे बसली नाही. सातव्या दिवशी तुझा आवाज ऐकवला तरी तिचं समाधान होईना. आवाज काय, कुणीही काढतं म्हणायची, मला माझी मुलगी डोळ्यांनी बघू द्या. तेव्हापासून तिचा तो एकच जप. बाजारात बोलताना, भांडी घासताना, नमाजानंतर हात उचलले की तेच.

सहा साली तुला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी हा रिवाज, पण तिथल्या डॉक्टरीणबाईंनी तुला प्रवासाला साफ बंदी केली. मग अम्मीच येणार असं ठरलं. जहाजाचे तीन-चार दिवस तिच्या धापेला झेपायचे नाहीत, असं आपल्या डॉक्टरांनी सांगितलं. म्हणजे बल्लारशाहून चेन्नईपर्यंत रेल्वे आणि पुढे विमान. एकटी ती जाणं शक्य नव्हतं, दानिश सोबत हवा. आणि त्या विमानाचं भाडं आपल्यासारख्यांनी नुसतं वाचायचं. दानिशचं आणि त्याच्या दोस्ताचं, सुनिलचं, तेव्हा चंद्रपुरात सायबर कॅफे होतं, तुला माहीत आहे. बाकीची पोरं क्रिकेटचा स्कोअर बघतात तसं दानिश रोज ते भाडं बघायचा. नऊ हजार पाचशे. उद्याही नऊ हजार पाचशे. परवा नऊ हजार सातशे. बघून बंद करायचा.

ऑगस्टातल्या एका भर दुपारी, कॅफेत गिऱ्हाईक नव्हतं, लाइन कधी नव्हे ती धड चालत होती, आणि तिथे लिहिलेलं होतं पंच्याण्णव रुपये. जायचे पंच्याण्णव, यायचे पंच्याण्णव. भाव टाकणाऱ्याने कुठेतरी दोन शून्यं खाल्ली होती. दानिशने पान तीनदा उघडलं, तीनदा तेच. सुनिल म्हणाला, 'विचार नंतर कर बे, आधी बुक कर.' सगळ्या टोळक्यात क्रेडिट कार्ड त्याच्या एकट्याजवळ. अम्मी आणि दानिशची नोव्हेंबरची तिकिटं निघाली. लगेच सुनिलने स्वतःची आणि बायकोची, प्रियाचीही काढली, म्हणाला, समुद्र कधी पाह्यला नाई, पाहून घेतो. त्याच संध्याकाळच्या बसने दानिश कागद घेऊन घरी आला. समुद्र ओलांडायला पंच्याण्णव रुपये, आणि चामोर्शीहून चंद्रपूरला जाऊन यायला एस.टी.चे जवळपास तेवढेच. अम्मीने तो कागद कुराणाच्या कापडी बटव्यात ठेवला. मी तिला इतकी खूश आधी कधी पाहिली नव्हती. ती विचारत होती, विमानाची खिडकी उघडता येते का, उलटी झाली तर कुठे करायची.

आणि मग अब्बांनी विचारलं, 'ये भाव सही है क्या?' दानिशने तिथे घाण केली. ऑफर आहे म्हणाला असता तर अब्बांनी कंपनीला दुआ दिली असती. हा बहाद्दर छाती फुगवून म्हणाला, 'गलती से लगा है, अब्बा. हमने पकड़ लिया.'

दादाजानची गोष्ट तुला माहीत आहे, तरी लिहिते, कारण तू विसरल्यासारखी वागतेस. दादाजान मीठ घेऊन जंगलातल्या गावांत जायचे आणि मापाला माप चारोळी घेऊन यायचे. शेरभर मिठाला शेरभर चारोळी. तिकडच्या माणसांना चारोळीचा भाव ठाऊक नव्हता, मिठाची मात्र गरज होती. ज्या घरात आपण वाढलो ते त्या मिठावर उभं आहे. अब्बांनी कापडाचे आठवडी बाजार हातात घेतले तेव्हापासून त्यांनी एकच नेम केला: समोरच्याला त्याच्या मालाचा भाव आधी सांगायचा, मग घ्यायचा. तिकडचीच कलाबाई चारोळी घेऊन यायची तेव्हा ते काय म्हणायचे, ते तर आपल्या दोघींना पाठ आहे. 'चांद्याच्या बाजारात हा भाव हाय कलाबाई, मी इतका देतो. परवडन तं दे, नाई तं घेऊन जा.' बाजारातले लोक त्यांना 'बिनहजचा हाजी' म्हणून चिडवायचे. चिडवणाऱ्यांच्या माड्यांवर माड्या चढल्या, आपल्या घराची कौलं तीच राहिली. मी लहानपणी त्यांचा अभिमान बाळगायचे. मोठी झाल्यावर अभिमानाने पोट भरत नाही हे कळलं, तरी थोडा बाळगायचेच.

तिकिटाचं ऐकून ते तीन दिवस तळमळत राहिले. दुसऱ्या दिवशी सुनिल आला, त्याने समजावलं, 'चाचा, कंपनी काई कलाबाई नाई. तिच्याकडं शंभर मानसं हायेत भाव लिवाले.' अब्बा म्हणाले, 'मानूस असो का कंपनी असो. ज्याले आपला भाव मालूम नाई त्याच्यापासून घेतलं तं मी आन माहा बाप सारखेच झालो ना? एक फोन लावून इचारून घ्याव, देता का म्हनून.' सुनिल डोक्याला हात लावून बसला. विमान कंपनीला फोन करून, तुम्ही आम्हाला स्वस्तात देताय, खरंच देता का, असं विचारायची बुद्धी अख्ख्या हिंदुस्थानात आपल्या घराशिवाय कुणाला झाली नसती. अम्मी रोटी त्यांच्यापुढे सरकवायची आणि उठून जायची. मी वह्या तपासत होते.

चौथ्या दिवशी संध्याकाळी कंपनीचा फोन आला. अब्बांनीच उचलला. बराच वेळ ऐकत राहिले. रिसीव्हर ठेवला आणि भिंतीकडे बघत म्हणाले, 'टिकट कैंसल हो गया. गलती उनकी थी. बताना तो चाहिए ही था.' बस्स, एवढंच. अम्मीने, दानिशने त्याचा एकच अर्थ घेतला: फोन त्यांनीच लावला. अम्मीने बटव्यातून कागद काढला आणि चुलीत घातला. तिने त्यांना एक शिवीही दिली नाही, ते फार वाईट झालं.

ज्या तिकिटाचा नंबर कंपनीला कळला ते गेलं. ज्यांनी तोंड उघडलं नाही ते सगळे विमानात बसले. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात ती अशी. नोव्हेंबरात सुनिल आणि प्रिया आठ दिवस तुझ्याकडे राहून आले. अम्मीने त्यांच्याजवळ डिंकाचे लाडू दिले, बाळाची दुपटी दिली, आणि त्यांची बस हलली तरी ती स्टँडवर तशीच उभी होती. तिकडे सुनिलने तुला सगळं सांगितलं, 'चाचांनीच फोन लावला.' त्याने खोटं सांगितलं नाही, त्याला तसंच वाटत होतं. डिसेंबरात तू परक्या माणसांत बाळंत झालीस. फेब्रुवारीत अम्मी गेली. मधल्या काळात दानिश उधार-उसनं करून पूर्ण भाड्याचं तिकीट काढायला निघाला होता, पण तिची धाप इतकी वाढली की डॉक्टरांनी घराबाहेर पाऊल टाकू दिलं नाही. सनाचा तू पाठवलेला फोटो तिने पाहिला. फोटो, म्हणजे आवाजासारखंच. डोळ्यांनी बघणं राहूनच गेलं.

आणि अम्मीच्या चाळिसाव्या दिवसाला तू आलीस. सना तुझ्या कडेवर झोपलेली होती. अब्बा तिला घ्यायला पुढे झाले आणि तू एक पाऊल मागे सरलीस. भर अंगणात, पाहुण्यांसमोर म्हणालीस, 'कंपनी को बचा लिया आपने. बीवी को नहीं.' त्यांनी टोपी सारखी केली आणि आत गेले. मी विहिरीजवळ पाण्याची बादली धरून उभी होते. बादली खाली ठेवून मी दोन शब्द बोलायला हवे होते. मी पाणी भरत राहिले.

आता थोडं माझं ऐक. तू नववीत होतीस तेव्हा मला पहिली नोकरी लागली, भामरागडच्या पलीकडे, आश्रमशाळेत. पावसात नदी चढली की पूल पाण्याखाली जायचा, पंधरा-पंधरा दिवस टपाल नाही, भाजी नाही. चार वर्षं काढली मी तिथे. दुसऱ्या वर्षी हिवताप डोक्यात चढला आणि शाळेच्या लोकांनी मला हेमलकशाच्या दवाखान्यात नेऊन टाकलं. अकरा दिवस. अब्बा आले, कापडाचं गाठोडं तसंच पाठीवर, बाजार अर्धा टाकून. उशाशी बसून राहिले. अम्मी आली नाही. तिने लोणच्याची बरणी पाठवली, आणि निरोप, की बसमध्ये तिला मळमळतं, एवढा रस्ता सोसवणार नाही. मी समजून घेतलं. समजून घेणं हा घरातल्या मोठ्या मुलीचा धंदाच असतो. त्या चार वर्षांत ती एकदाही तिथे आली नाही. चामोर्शीपासून एका दिवसाचा रस्ता, उमेरा. मधे समुद्र नव्हता.

गेल्या आठवड्यात कलाबाई अब्बांना बघायला आली. त्यांच्या पोटात गाठ आहे, हे मी तुला फोनवर सांगितलं नव्हतं, कारण तुला त्यांचं नाव ऐकायचं नसतं. कलाबाई वाळवलेले वास्ते घेऊन आली होती, बांबूचे कोंब, त्यांना आवडतात म्हणून. ते अंगणात खाटेवर पडले होते, मी स्वयंपाकघरात होते, दार लोटलेलं होतं. तिने विचारलं, 'लहानी नाई आली काहो भाऊ? कायचा राग धरून बसली?' अब्बा म्हणाले, 'धरू दे. तिले बलवाचं नाई. माह्यावर राग हाय तं बरं हाय. खरं मालूम झालं तं थो राग मोठीवर जाईन. लहानीचं घर हाय, मानूस हाय, लेकरू हाय. मोठीले इथीच राहाचं हाय, तिनं कुठी जाव?' कलाबाईला काही कळलं नाही. तेव्हा ते म्हणाले, 'कंपनीची बाईच बोलली ना फोनवर. तुमच्या मुलीनं सांगितलं, आभारी आहोत म्हनून. मुलगी तं घरात एकच होती.'

हो. मीच केला तो फोन. स्टँडवरच्या एस.टी.डी. बूथमधून, मधल्या सुट्टीत. अब्बा त्या दिवशी बल्लारशाला गेले होते, चेन्नईच्या रेल्वेचं रिझर्वेशन करायला. तीन दिवस तळमळून शेवटी त्यांनी हार मानली होती. सकाळी अम्मीला म्हणाले होते, 'जा. अल्लाह से मैं माफी माँग लूँगा.' अम्मीसाठी त्यांनी आपला जन्माचा नेम मोडला, आणि रांगेत उभे राहिले, आणि मी इकडे तेच नेमाचे शब्द त्यांच्या नावाने वापरून फोन लावला. 'माझ्या वडिलांना हे योग्य वाटत नाही,' असं म्हणाले मी त्या बाईला, शुद्ध, शाळेच्या भाषेत. तिने नंबर विचारला. नंबर न सांगता ठेवून देता आलं असतं. पण आदल्या दिवशी मी तो वहीच्या मागच्या पानावर उतरवून घेतला होता. पुण्य केल्याचा आव आणू नकोस असं तू म्हणण्याआधीच मी म्हणते: त्यात प्रामाणिकपणाचा एक कणही नव्हता. आदल्या संध्याकाळी अम्मी, नोव्हेंबर तीन महिने लांब असताना, पेटी भरायला बसली होती. मी तिला विचारलं, विमानाची भीती नाही वाटत? ती हसली. म्हणाली, 'बेटी के लिए कैसा डर?' मग माझ्याकडे बघून तिला काहीतरी वाटलं असावं, म्हणून पुढे म्हणाली, 'तू तो घर की है, तेरी क्या फिकर.' तिने ते प्रेमानेच म्हटलं. मला हेमलकशाची अकरा दिवसांची खाट दिसली. तिने जायलाच नको असं मला वाटत नव्हतं. तिला सहज जाता येऊ नये, एवढंच मला हवं होतं. ती फेब्रुवारीत मरेल हे मला माहीत असतं तर, असं लिहायला घेतलं होतं, पण पुढचं वाक्य खरं होईल की नाही याची मला खात्री नाही, म्हणून सोडते.

आता तू मला बोलावलं आहेस. लिहितेस की सुट्ट्यांत ये, अब्बांना दानिश बघेल, 'आपा, या घरात मला तूच एक राहिलीस.' हे वाक्य वाचलं त्याच दिवशी कलाबाई आली होती, आणि मग माझ्याने गप्प राहवलं नाही. अब्बांचं ऑपरेशन बकरी ईदनंतर, तीन डिसेंबरला नागपुरात आहे. डॉक्टरांनी भरवसा दिलेला नाही. तुला कळवू नकोस असं त्यांनी मला बजावलं आहे. हे पत्र स्पीड पोस्टने आठ-दहा दिवसांत तुला मिळेल. त्याच्या पुढच्या शुक्रवारी फोन कर आणि मला नको, त्यांना माग. मी रिसीव्हर त्यांच्या हातात देऊन परसात जाईन. माझ्याशी पुढे बोलायचं की नाही ते तू ठरव, मी काही म्हणणार नाही. पण एक सांगून ठेवते. तू त्यांना विचारशीलच, आणि ते म्हणतील, शगुफ्ता को कुछ मालूम नहीं, फोन मैंने किया था. त्यांच्यावर विश्वास ठेवू नकोस. जन्मभर त्यांनी कुणाला खोटा भाव सांगितला नाही, पण हे खोटं ते बोलतील, आणि न अडखळता बोलतील.

हक्क उरलेला नाही, तरी सवयीने लिहिते,
तुझीच,
शगुफ्ता आपा